पातेल्यात नसलेली पाल

"मला चांगलं आठवतं," असं आमच्या सरांसमोर म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "तुमी पाह्यलं, का तुमाला माहीत हाय?" पाहिलं असं सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "मंग तवा तुमच्या अंगात सदरा कोणता व्हता?" आता सदरा कुणाला आठवणार? समोरचा माणूस चिडायचा. सर त्या चिडलेल्या माणसाकडं बराच वेळ बघत राहायचे. त्यांना गंमत वाटते आहे असं मला तेव्हा वाटायचं. सरांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि हल्ली मला वाटतं की ती गंमत नव्हती, त्यांना भीती वाटत होती.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावहून जीपनं अर्धा तास आणि पुढं ओढा ओलांडून पायी. मी तिथं रुजू झालो तेव्हा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि जुन्या कागदांवरचं 'परभणी' खोडून आम्ही पेनानं 'हिंगोली' लिहायचो. पाच शिक्षक होतो. सर पन्नाशीच्या आसपासचे, देवळाच्या पूजेअर्चेच्या घरातले. धाकटा भाऊ अजून ती सेवा करायचा. मी कळमनुरीकडच्या बौद्ध वस्तीतला, घरातला पहिला नोकरदार. पहिल्या दिवशी मधल्या सुटीत मी डबा घेऊन एका कडेला बसलो. नव्या जागी आधी वारा कुठून वाहतो ते बघायचं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. सर आले, समोर मांडी घालून बसले आणि काही न विचारता माझ्या डब्यातला ठेचा बोटानं उचलून चाखला.

"कोणी केला?"

"आईनं."

"तुमी पाह्यलं करताना?"

"न्हाई. पण घरात दुसरं कोण करणार?"

"बराबर," सर म्हणाले. "म्हंजे माहीत हाय. पाह्यलेलं न्हाई." आणि आणखी एक बोट ठेचा घेतला. रविवारी गावी गेलो तेव्हा मी आईला सांगितलं, शाळेत एक येडं माणूस आहे, पण माणूस चांगलं आहे.

त्यांच्या खिशाला दोन पेनं असायची, एक निळं, एक लाल. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या करून ते खिशात ठेवायचे. स्वतः पाहिलेलं निळ्यानं लिहायचं, ऐकलेलं लाल शाईनं. 'जीप सव्वानऊला आली. ड्रायव्हर नवा.' हे निळं. 'जुन्याचा पाय मोडला म्हणतात,' हे लाल. महिना संपला की चिठ्ठ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा वहिनी वैतागून म्हणाल्या, "या घरात भांडायची बी सोय न्हाई. मी म्हणलं, तुमी असं असं बोलले, की हे डबा काढतेत." सर खाली मान घालून जेवत होते. "अन् दर बारीला मीच खोटी निघते," वहिनी म्हणाल्या, तेव्हा मात्र ते म्हणाले, "खोटी न्हाई हो. मी खोटी कधी म्हणलो?" पाहिलेलं मूठभर असतं आणि माहीत असलेलं पोतंभर, असं ते नेहमी म्हणायचे, आणि त्या मुठीसाठी त्यांनी असे चाळीस-पन्नास डबे भरून ठेवले होते.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला सर सहावी-सातवीच्या पोरांना एकत्र बसवायचे आणि शब्दांची यादी वाचायचे. एकेक शब्द सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असा. जू, वेसण, कासरा, घुंगरं, गोठा, पेंड, शिंगं, चाबूक, वखर, तिफण, पोळा. मग पाढे म्हणायला लावायचे, एखादी कविता म्हणायला लावायची, आणि त्यानंतर सांगायचे, "आता यादीतलं जेवढं आठवतं तेवढं लिवा." पोरं भराभर लिहायची. सर वह्या गोळा करून एक शब्द शोधायचे आणि त्याभोवती पेन्सिलीनं गोल करायचे. चाळीसातल्या तीस वह्यांत तो असायचाच. बैल.

"मी बैल म्हणलोच न्हाई," सर सांगायचे.

"म्हणले, सर!" पोरं ओरडायची. "आमी ऐकला! वेसणीच्या मागून म्हणले तुमी!"

गंमत बघा, कुणी वेसणीच्या मागून म्हणायचं, कुणी चाबकाच्या आधी. एका पोरीनं तर सरांनी बैल म्हणताना खिडकीबाहेर पाहिलं होतं असंही सांगितलं. सर यादी फळ्यावर टांगायचे. पोरं पुन्हा पुन्हा वाचायची आणि कोड्यात पडायची. सरांनी त्यासाठी कुणाला मार दिला नाही की मार्क कापले नाहीत. वही परत देताना एवढंच म्हणायचे, "हा शब्द तुझा हाय. मी दिलेला न्हाई."

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. मी बी.एड. झालेला, शहाणा. एकदा शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मलाच बसवलं. हळद, अक्षता, मुंडावळ्या, मांडव, वाजंत्री, रुखवत, बांगड्या, शालू, पाठराखीण. मी आधीच सावध होतो, 'बैल' शोधत होतो. तरी माझ्या कागदावर 'नवरी' उतरली. मी पैजेवर सांगायला तयार होतो की सरांनी नवरी म्हटलं. त्यांचा आवाज माझ्या कानात होता. त्यांनी यादी दाखवली तेव्हा मला पहिल्यांदा राग आला आणि मग हसू आलं. सर हसले नाहीत.

"एकाजवळ एक शब्द बसले की मधी जागा ऱ्हाती," ते म्हणाले. "आपलं डोकं ती जागा रिकामी ठेवत न्हाई. जो शोभतो त्याला आणून बसवतं. अन् मंग त्याला पाह्यलंय म्हणून सांगतं."

"बिघडलं कुठं, सर? खेळच तर आहे."

त्यांनी यादीची घडी करून खिशात ठेवली. पुढं काही महिन्यांनी सेनगावला पगारपत्रकाच्या कामासाठी गेलो होतो, परतीची जीप भरेना म्हणून दोघं टपरीच्या बाकड्यावर बसलो होतो. तिथं त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांची आई गेली तेव्हा तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी त्यांनीच घातलं, तिच्या घशात ते पाणी वाजलेलंसुद्धा त्यांना ऐकू येतं, असं ते वीस वर्षं सगळ्यांना सांगत होते. त्या आठवणीवर त्यांनी दिवस काढले. मग एकदा जुन्या ट्रंकेत त्यांना परीक्षेची पावती सापडली. आई गेली त्या दिवशीचा शिक्का होता. ते परभणीला पेपर देत बसले होते. भावाला विचारलं तर तो सहज म्हणाला, दादा, तू दुसऱ्या दिवशी आलास, सगळं उरकल्यावर.

"मला कोणी फसवलं न्हाई," सर म्हणाले. "आई, मांडी, तुळस, पाणी. लोक बोलून राहिले व्हते, मी ऐकून राहिलो व्हतो. मधी एक जागा व्हती. तिथं मी जाऊन बसलो."

मी विचारलं, "आता कळल्यावर ती आठवण गेली का?"

"न्हाई ना," ते म्हणाले. "अजून मांडीवर वजन लागतं." जीपवाल्यानं हाक मारली आणि आम्ही उठलो. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं, पण हे दुःख त्यांचं आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असंच मी धरून चाललो होतो.

दोन हजार सालानंतर शाळेत शिजवलेली खिचडी सुरू झाली. आधी पोरांना महिन्याचे तांदूळ घरी मिळायचे, आता चूल शाळेतच पेटली. खिचडी करायचं काम गयाबाईला मिळालं. चाळिशीची विधवा, आमच्याच समाजातली, गावाच्या कडेच्या वस्तीत राहणारी. स्वच्छ इतकी की चुलीपुढची जागासुद्धा रोज सारवायची. पोरांना ती नावानं ओळखायची. कोण वटाणे बाजूला काढतो, कुणाला करपलेली खरवड आवडते, हे तिच्या ध्यानात असायचं. काही घरांनी तिच्या हातचं खायचं नाही म्हणून सुरुवातीला आपली पोरं डबे देऊन पाठवली. सर रोज सगळ्यांसमोर पहिल्या पंगतीला तिची खिचडी खायला बसू लागले, तेव्हा महिन्याभरात डबे बंद झाले. पण कुरकुर होती. ती आम्हाला ऐकू यायची आणि तिलाही येत असणार.

खिचडी वाढण्याआधी एका शिक्षकानं चाखायची, वहीत चव लिहायची, सही करायची, मगच पोरांना वाढायचं, असा नियम होता. पाळीपाळीनं आम्ही ते करायचो. पावसाळ्यातल्या एका बुधवारी माझी पाळी होती. मी चमचाभर खाल्ली, 'चव चांगली, मीठ थोडं कमी' असं लिहिलं, सही केली. पोरं जेवली. शेवटच्या तासाला चौथीतलं एक पोरगं ओकलं, मग दुसरं, आणि बघता बघता अकरा पोरं. जीप करून आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. आयाबाया ऊर बडवत आल्या. सलाईन लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पोरं खडखडीत बरी होऊन घरी गेली. एवढंच झालं, पण त्या संध्याकाळी ते एवढंच आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात सर पोरांजवळ एकेक करून जाऊन बसत होते. एकच वाक्य विचारत होते. "वाढताना ताटात काय काय दिसलं ते सांग." भात, वटाणे, हळद, एकीला खडा लागला होता. ते निळ्या पेनानं लिहीत होते. मला त्यांची चीड आली. पोरं सलाईनवर आणि हे चिठ्ठ्या लिहून राहिलेत, असं मी दुसऱ्या शिक्षकांजवळ बोललोसुद्धा.

पाल कुणी आणली ते आजपर्यंत कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत आलो तेव्हा ती आलेली होती. खिचडीत पाल पडली होती. पानाच्या टपरीवर तेच, पाणवठ्यावर तेच, शाळेच्या पडवीत तेच. सरांनी माग काढायचा प्रयत्न केला. पहिला म्हणाला, मला दुसऱ्यानं सांगितलं. दुसऱ्यानं तिसऱ्याचं नाव घेतलं. आणि पाचवा पहिल्याचंच नाव घ्यायचा. दोन दिवसांनी हीच माणसं ऐकलं म्हणायची बंद झाली. आता त्यांनी पाहिली होती. खिचडी, उलट्या, दवाखाना, उघडं पातेलं, अशी यादी गावभर वाचली जात होती आणि जो तो आपापल्या वहीत तोच शब्द लिहीत होता. हे मला आज दिसतं. तेव्हा मीही लिहिणाऱ्यांतलाच होतो.

चौथ्या दिवशी चौकशीला तालुक्याचे साहेब आले. व्हरांड्यात भात आणि वटाणे सांगणारी तीच पोरं साहेबांना पाल सांगत होती. कुणी काळी सांगितली, कुणी हिरवट, एकीनं तिचे पाय हलताना पाहिले होते. गयाबाई हात जोडून उभी होती. "साहेब, भगुण्यावर झाकण व्हतं. म्या सोता झाकलं, वर दगड ठेवला. लेकरायची आन घेते." मुख्याध्यापकांनी आधीच जबाबाचा एक कोरा कागद आखून ठेवला होता. तो माझ्यापुढं सरकवत ते म्हणाले, "त्या दिवशी पातेल्यापाशी तुमी व्हते. दिसलं असंल ते लिवा."

मी लिहिलं. पातेल्याच्या कडेला, खिचडीत, मला पालीची शेपटी दिसली असं लिहिलं आणि सही केली. माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता, मी घाबरून लिहिलं नाही, कुणाचा डाव म्हणूनही लिहिलं नाही. मला ती दिसली होती. पिवळ्या खिचडीत, करंगळीएवढी, टोकाला वळलेली. लिहिताना माझा हात थांबला नाही. गयाबाईसाठी जीव तुटत होता, पण खरं ते लिहिलं पाहिजे असं मी मनाला बजावलं, आणि त्या बजावण्याचा मला थोडा अभिमानही वाटला.

सरांनी चिठ्ठ्या पुढं ठेवल्या. साहेब म्हणाले, "याच्यावर कोणाचीच सही न्हाई, सर." गयाबाईचं काम त्याच आठवड्यात एका बचत गटाला गेलं.

चौकशीच्या दिवशी शाळा सुटल्यावर सर ओढ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. त्यांच्या हातात चवीची वही होती.

"शेपटी दिसली व्हती तर तुमी चव कशी काय घेतली?" त्यांनी विचारलं.

"चव घेतल्यावर दिसली."

"मंग पोरायला वाढू काहून दिलं?"

मी थांबलो. ओढ्याला थोडं पाणी होतं. मी उत्तर शोधत होतो आणि खरं सांगायचं तर मला उत्तर सापडतही होतं: मी ओरडणार होतो, पण तेवढ्यात कुणीतरी बोलावलं. कुणी बोलावलं तेही दिसायला लागलं होतं. ते तयार होताना मी स्वतः बघितलं. म्हणून मी सरांवरच उखडलो. "तुम्ही मला खोटं ठरवता?"

"न्हाई हो," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "खोटं बोलणारा माणूस सापडतो. तुमी खरं बोलून राहिले. त्याचंच भेव वाटून राहिलं."

चार महिन्यांनी तपासणीचा कागद आला. उरलेल्या खिचडीत आणि तांदळात काही नव्हतं. दोष होता तो शाळेच्या छपरावरच्या टाकीतल्या पाण्यात. जेवून झाल्यावर पोरांनी ते प्यायलं होतं. गयाबाई खिचडीला हापशाचं पाणी आणायची. मुख्याध्यापकांनी कागद फायलीला लावला. मी त्यांना म्हणालो की आता तिला परत घेतलं पाहिजे. ते म्हणाले, करार झाला, आता कुठं उलटं फिरवता. आणि मग, माझ्याच खांद्यावर हात ठेवून, "तुमची सही व्हती म्हणून निभावलं बघा. न्हाई तर जातीवरून काढली म्हणून बोंब झाली असती." मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. मी सही मागे घेत असल्याचा अर्ज तालुक्याला दिला. त्याच्यावर आवक शिक्का पडला, आणि पुढं काही झालं नाही. दुसऱ्यांदा अर्ज द्यायला मी गेलो नाही. जायला हवं होतं.

सर मात्र गयाबाईकडं जात राहिले. ती आता लोकांच्या शेतात कापूस वेचायला, निंदायला जायची. महिन्या-दोन महिन्यांनी सुटीच्या दिवशी सर तिच्या दारात जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "गयाबाई, त्या दिवसाचं सकाळपासून सांगा." पाल हा शब्द ते चुकूनही काढायचे नाहीत. ती सांगायची: पाणी, तांदूळ, चूल, झाकण, दगड. सर ऐकून घ्यायचे, "बराबर," म्हणायचे आणि उठायचे. गावात लोक त्याचं हसं करायचे. मी एकदा विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "गावाजवळ एक यादी हाय. तिच्याजवळ तिची नको का? रोज ऐकून ऐकून तिची पुसून जाईल." बैलाचा आणि नवरीचा खेळ त्यांनी त्या पावसाळ्यानंतर कधी घेतला नाही. पोरं मागायची. ते म्हणायचे, गणितं करा.

पुढं गयाबाईचा मुलगा जवळा बाजारला कापसाच्या गाड्या भरायच्या कामाला लागला आणि तो तिला घेऊन गेला. वर्षभर सरांचं जाणं झालं नाही. ते निवृत्त व्हायला आले होते. एका रविवारी म्हणाले, "चला, तुमी बी चला. तो तपासणीचा कागद घ्या. तुमच्या तोंडून तिनं एकदा ऐकलं पाह्यजे." मी तीन वर्षं तिला टाळत होतो. पण गेलो.

दुपार होती. गयाबाई ओसरीत सूप घेऊन ज्वारी पाखडत बसली होती. केस पांढरे झाले होते. आम्हाला बघून तिला इतका आनंद झाला की मला तो सोसवेना. तिनं अकरा पोरांची चौकशी केली, एकेकाचं नाव घेऊन, कोण कितवीत गेलं, कोणाची तब्येत कशी आहे. एकही नाव चुकलं नाही. सुनेनं चहा आणला. एवढ्यात आतून चार वर्षांची नात रिकामी ताटली घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, भात दे."

"तुह्या मायला माग," गयाबाई म्हणाली.

पोरगी तिथंच उभी राहिली. सून लगबगीनं आली, ताटली घेतली आणि आमच्याकडं बघून हळूच म्हणाली, "आत्याबाई कोणालाच वाढत न्हाईत. सैपाकाला हात बी लावत न्हाईत."

सरांनी कप खाली ठेवला. "गयाबाई," ते म्हणाले, "त्या दिवसाचं सांगा. सकाळपासून."

ती सूप मांडीवर ठेवून सांगू लागली, शाळेतल्या पोरानं धडा म्हणावा तशी. "हापशावरून दोन घागरी पाणी आनलं. तांदूळ तीन पान्यानं धुतले. वटाने भिजू घातलेले व्हते. चूल पेटंना, लाकडं वली व्हती. खिचडी झाली. झाकन घातलं, वर दगड ठेवला." मग तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "मंग दगड काढला, झाकन काढलं. कडंला शेपूट व्हतं."

सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "मागं तुमी हे सांगितलं न्हवतं."

"मागं मला याद न्हवती, सर. आता आली."

मी कागद काढला. वाचून दाखवला, समजावून सांगितला. टाकीचं पाणी खराब होतं, तुमच्या खिचडीत काहीही नव्हतं, तुम्ही कुणाच्याही लेकराला काही केलं नाही. ती ऐकत होती, पण कागदाकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"तुमी सोता पाह्यली की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "दुसऱ्यायनं लिवलं तवा मी म्हनलं, लिवू द्या, त्यायला माझ्या हातचं पयलेच नको व्हतं. पन तुमी लिवलं. तुमी आपलं मानूस, शिकलेलं. तुमी माझ्यावर खोटं लिवनार न्हाई. मंग मी रोज आठवून पाह्यलं. निंदताना, येचताना, रोज. आन् मंग मला बी दिसली."

"गयाबाई, माझी चूक झाली. पाल नव्हती. मी लिहिलं ते बरोबर नव्हतं."

"लई वरसं झाली. तुमी इसरले असाल."

"विसरलो नाही. नव्हतीच."

"खरं सांगा," ती पुढं झुकून म्हणाली. "आता डोळे मिटले तर तुमाला दिसती का न्हाई?"

मी डोळे मिटले नव्हते, तरी ती दिसत होती. पिवळ्या खिचडीत, पातेल्याच्या कडेला, टोकाला वळलेली. कागद माझ्या हातात होता आणि ती दिसत होती. माझ्या शेजारी सर बसले होते.

"न्हाई दिसत," मी म्हणालो.

गयाबाईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि एखाद्या लेकराची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, सर. माझ्यासाठी लबाड बोलू नका."